वैजिनाथअप्पांचा निनावी अर्ज

निनावी अर्ज लिहायचा तर अक्षर आपलं नको, एवढी अक्कल वैजिनाथअप्पा हालग्यांना होती. अडचण एवढीच, की चौतीस वर्षांत शिरूर कासारातून जो कागद सरकारदरबारी गेला, तो बहुतेक अप्पांच्याच अक्षरात गेला. तहसील कचेरीसमोर बंकटरावांचं खता-बियाण्याचं दुकान, दुकानाला ओटा, ओट्यावर अप्पांचं टेबल. अप्पा अर्जनवीस. रेशनकार्ड फाटलं, विहीर ढासळली, जावयाने लेक नांदवली नाही, काहीही होवो, माणूस टेबलासमोर येऊन बसायचा. अप्पा चष्मा पुसायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "नाव सांगा."

आणि अर्ज कशाचाही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं: सबब अर्ज, तो गोड मानून घ्यावा.

हे वाक्य अप्पांचे वडील केदारनाथअप्पा यांच्याकडून आलेलं. ते निजामाच्या अमलात उर्दूतून दरखास्ती लिहायचे. राज्य गेलं, उर्दू गेली, 'सबब' तेवढी घरात राहिली. वीज पडून म्हैस मेल्याचा अर्ज गोड कसा मानायचा, असं एका तहसीलदाराने विचारलं होतं. अप्पा म्हणाले, "साहेब, म्हशीचं लई वाईट झालं. पण अर्ज गोड हाय." साहेबांनी हसत सही केली. तेव्हापासून त्या वाक्याला पाय फुटले. तालुक्यात दुसरा कुणी ते लिहीत नसे, आणि लिहिलंच तर लोक म्हणत, अप्पांची नक्कल केली बे यानं.

असा माणूस निनावी अर्ज लिहायला निघाला होता, आणि त्याला कारण होती मनकर्णा.

मनकर्णा आणि तिचा नवरा सटवा यांची पंधरावीस मेंढरं. दसरा झाला की मेंढरं भावाच्या हवाली करायची आणि टोळीबरोबर ऊस तोडायला जायचं, ते पार उन्हाळ्यात परत. भाद्रपदात एका दुपारी ती येऊन टेबलासमोर उकिडवी बसली. अप्पा म्हणाले, "नाव सांगा."

"नाव ऱ्हाऊ द्या. आदी आयका," मनकर्णा म्हणाली. "माझी अंजू औंदा सातवीला हाय. गेल्या साली आमच्या संगट फडावर हुती, लहान्याला सांभाळीत. अन् शाळेतल्या बाई म्हनत्यात, अंजू सा म्हैने वसतिगृहात जेवली. रोज हजर. बुधवारी अंडं बी खाल्लं. कोन खाल्लं अप्पा, माझ्या अंजूचं अंडं?"

ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं गावात राहावीत, शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृह असतं. ते चालवायला घेतलं होतं बंकटरावांच्या मंडळाने. कागदावर बेचाळीस पोरं, प्रत्यक्षात एका खोलीला कुलूप. आणि त्या बेचाळीस पोरांची यादी सुवाच्य अक्षरात, लाल रेघा मारून, लिहिली होती अप्पांनी. बंकटराव आतून नावं सांगत होते आणि अप्पा ओट्यावर लिहीत होते. पोरं कुठं आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. सांगेल ते लिहायचं, हा त्यांच्या धंद्याचा धर्म होता. अंजू सटवा, अनुक्रमांक सतरा. एवढंसुद्धा त्यांना आठवलं आणि समोरचा चहा कडू लागला.

"औंदा बी कुलूपच असलं तर अंजूला न्यावं लागंल," मनकर्णा म्हणाली. "मागं एकलीला कुनापशी ठिवू? अन् पोरगी एकदा फडावर गेली की शाळा सुटली. मंग म्होरल्या साली सासर. तुमी कागद करा."

"तुझं नाव टाकू?"

"टोळीचा मुकादम बंकटरावाचा मेव्हना हाय. नाव टाकलं तर आमाला टोळीत कोन घील?"

अप्पांनी मागं पाहिलं. बंकटराव गल्ल्यावर बसून सुपारी कातरत होते. ओटा त्यांचा, ओट्यावरची सावली त्यांची, पावसात टेबलावर ताडपत्री टाकतात तीही त्यांची. अप्पांनी आवाज बारीक केला. "बघतो," ते म्हणाले. दसऱ्याला पंचवीस दिवस होते.

पहिल्यांदा त्यांनी सरकारी तक्रारीचं संकेतस्थळ धरलं. ओट्याला लागूनच ईश्वरीताईंचं सेवा केंद्र. ईश्वरीताई चाळिशीच्या, नवऱ्यापेक्षा प्रिंटरवर जास्त ओरडणाऱ्या. त्यांच्याच संगणकावर अप्पांनी एका बोटाने खटखट करत अर्ज भरायला घेतला. नावाच्या रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे नाव हवंच. अप्पांनी विचार करून पहिलं नाव लिहिलं 'नि', वडिलांचं नाव 'ना' आणि आडनाव 'वी'. संगणकाने ते निमूट घेतलं. मग त्याने आधारला जोडलेला मोबाइल नंबर मागितला आणि श्री. नि. ना. वी यांचा प्रवास तिथेच संपला.

उपाय सापडला तो वर्तमानपत्रात. वेरूळचं चित्र असलेल्या पानावर मुंबईच्या एका बातमीसंस्थेची चौकट होती. ज्यांना नाव न सांगता गैरकारभार कळवायचा असेल त्यांच्यासाठी त्यांनी इंटरनेटवर एक गुप्त पेटी ठेवली होती. ती साध्या रस्त्याने उघडत नाही, त्यासाठी वेगळा ब्राउजर लागतो, आणि पेटी कुठं आहे ते कुणाला कळत नाही, टाकणारा कोण तेही कळत नाही. खाली छप्पन अक्षरांचा पत्ता. अप्पांनी कात्री न लावता ती चौकट पत्त्यासकट वहीत उतरवून घेतली, कारण छापील कागद कापणं त्यांच्या जिवावर यायचं.

ईश्वरीताईंनी वहीतली चौकट दोनदा वाचली. "अप्पा, हे टॉर हाय."

"तूर?"

"टॉर. ब्राउजरचं नाव. अन् ह्या पत्त्याच्या शेवटी बघा, ओनियन."

"म्हंजी कांदा. तूर झाली, कांदा झाला, ही तर बाजार समितीच दिसती."

"कांदा यासाठी की पापुद्रे असत्यात. तुमचा कागद एका पाकिटात, ते दुसऱ्यात, ते तिसऱ्यात. जगात कुठं कुठं मशिनी हायत. पहिली मशीन वरचं पाकीट फोडती, तिला फक्त दुसरीचा पत्ता कळतो. दुसरीला फक्त तिसरीचा. कुठून निघालं अन् कुठं चाललं, दोन्ही कुनालाच कळत न्हाई."

ईश्वरीताईंना वाटलं होतं हे समजवायला आठवडा जाईल. अप्पा मात्र लगेच हसले. "म्हंजी आवक-जावक टेबल. आपल्या पंचायत समितीत बी असंच हाय. कागद कुठून आला ते न्हाई म्हाईत, कुठं जाणार ते बी न्हाई."

"फरक एवढाच," ईश्वरीताई म्हणाल्या, "की हितं तो पोचतो."

दुपारी दोन ते चार कचेरीत सामसूम असते. जेवणं होऊन शिपाई बाकावर कलंडतात, कचेरीच्या आवारातली शेळीसुद्धा बसून रवंथ करते. तीच वेळ अप्पांनी धरली. ब्राउजर उघडला की एक जांभळी रेघ हळूहळू सरकायची. पंखा कुरकुरत फिरायचा. पलीकडच्या शाळेतून पाढ्यांचा आवाज यायचा, सतरा साते एकोणीसाशे, असं काहीतरी. रेघ पूर्ण झाली की ईश्वरीताई एका चिन्हावर टिचकी मारायच्या आणि रस्ता दिसायचा: हे यंत्र, मग फिनलंड, मग रोमानिया, मग आइसलँड. त्यापुढे आणखी तीन थांबे, त्यांना तर देशही नाही, नुसतं 'रिले'.

अप्पा आयुष्यात सोलापूर, नगर आणि एकदा श्रीशैल एवढंच पाहिलेले. फिनलंड हा शब्द वाचून त्यांचे डोळे आपोआप मिटले. बर्फ पडतंय. लाकडी कचेरी. लोकरीची टोपी घातलेला एक कारकून टेबलाशी बसलाय, समोर चहाची वाफ. शिरूर कासारचा लखोटा येतो. तो उलटापालटा करून बघतो, वरचं पाकीट फोडतो, आवक नोंदवहीत काहीच लिहीत नाही आणि पुढच्या टेबलाकडे सरकवतो. कुठून आलं? माहीत नाही. कुठं चाललं? माहीत नाही. पण तो ते पुढे सरकवतो, झोप येत असूनसुद्धा, चिरीमिरी न घेता. अप्पांना त्या माणसाबद्दल इतका जिव्हाळा वाटला, की त्यांचे डोळे ओले झाले.

"अप्पा, झोपलात?" ईश्वरीताई म्हणाल्या. "उघडत न्हाई. पत्ता चुकीचा म्हनतंय."

दुसऱ्या दिवशी पत्ता चुकीचा, तिसऱ्या दिवशीही. छप्पन अक्षरं पुन्हा पुन्हा टाकायची, आणि प्रत्येक वेळी अप्पांनी वहीतून खणखणीत आवाजात वाचायची. ईश्वरीताई मध्येच म्हणायच्या, "आज बी जोडणी होत न्हाई अप्पा तुमची. गुप्त सेवा हाय ना, वेळ लागतो."

हे वाक्य नेमके दाराशी आलेल्या विठ्ठलरावांनी ऐकलं.

विठ्ठलराव निवृत्त कंपाउंडर, अप्पांच्या घराच्या उजव्या हाताला राहणारे. वैजिनाथअप्पा, वय सहासष्ट, रोज दुपारी लपून येतात, गुप्त सेवा मागतात आणि जोडणी होत नाही. कंपाउंडर माणसाला निदानाला आणखी काय लागतं? संध्याकाळी ते कागदात गुंडाळलेली पुडी घेऊन अप्पांकडे आले आणि दारातूनच डोळा बारीक करून म्हणाले, "दुधातून. निजताना. कुनाला सांगू नका, मी बी सांगनार न्हाई."

त्यांनी फक्त रामप्रसादला सांगितलं. रामप्रसाद डाव्या हाताचा शेजारी. त्याने सांगितलं की कडा गावात एक वैद्य बुधवारी बसतो, त्याच्याकडे लपून जायला मागचा दरवाजासुद्धा आहे. कचेरीतल्या शिपायाने लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलायला सांगितलं, आणि विषय देवापुढे मोघम मांडावा असंही सुचवलं. पानटपरीवर अप्पा दिसले की गप्पा थांबायच्या आणि लोक त्यांना मायेने बसायला जागा द्यायचे.

घरी जगदेवीबाईंनी पुडी हुंगून पाहिली आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली लग्नाला. मी कदी काय बोलले का? मग ह्ये आत्ताच काहून काढलंत? अन् काढायचं तर निदान घरात बोलायचं. गावाला काहून सांगितलंत?"

"अगं, तसं काहीच न्हाई."

"मग कसलं हाय?"

इथे अप्पांची खरी कोंडी झाली. तसं नाही म्हटलं तर मग गुप्त काय, हे सांगावं लागणार. ते सांगितलं की निनावी अर्ज गेला, आणि त्याच्याबरोबर अंजूची शाळा गेली. म्हणजे गुप्तता राखायची तर गुप्तरोग कबूल करणं भाग होतं. चौतीस वर्षं ज्यांना तहसीलदार 'या अप्पा' म्हणत होते, ज्यांनी आयुष्यात कधी सदऱ्याचं वरचं बटण उघडं ठेवलं नाही, त्या वैजिनाथअप्पांनी मान खाली घातली आणि पुडीतली चिमूटभर पूड दुधात टाकली. रात्रभर पोटात आगडोंब उसळला तो निराळाच.

कळस केला बंकटरावांनी. ते स्वतः गल्ल्यावरून उठून टेबलाशी आले आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, तुमी माझ्या ओट्यावर बसता, म्हंजी घरचेच. संकोच करू नका. नगरला माझ्या वळखीचा डाक्टर हाय. माझी गाडी घिऊन जावा. लई सभ्य मानूस, रजिस्टरात पेशंटचं नाव सुदीक लिहीत न्हाई."

ज्या माणसाविरुद्ध बिननावाचा कागद करायचा, तोच आपल्याला बिननावाचा डॉक्टर देतोय. बंकटराव वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं, असं अप्पांना वाटलं. पण बंकटराव वाईट नव्हतेच, फक्त अंजूचं अंडं खाणारे होते.

पाचव्या दिवशी ईश्वरीताईंनी वही हिसकावून घेतली. "थांबा. ही दोन हाय का झेड?"

अप्पांचं अक्षर सुंदर होतं खरं, पण त्यांचा इंग्रजी दोनचा आकडा आणि झेड ही सख्खी भावंडं होती. दोन ठिकाणी झेड केला, एका ठिकाणी झेडचा दोन, आणि जांभळी रेघ सरकून एक साधंसं पान उघडलं. ना चित्र, ना रंग. अप्पा जरा हिरमुसले, त्यांना निदान कमान अपेक्षित होती. पान म्हणालं की तुमची ओळख म्हणून सात शब्द देतो, तेच तुमचं नाव, कुठंही लिहून ठेवू नका: कॅमल, विंडो, टीचर, जॅकेट, मंकी, रिव्हर, बटर.

ज्याने आयुष्यभर सगळं लिहूनच ठेवलं, त्याला लिहू नका म्हटल्यावर काय व्हावं? अप्पांनी ते सात शब्द पाठ केले. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटले की नमः शिवायच्या आधी कॅमल यायचा. खिडकीत उंट, उंटामागे मास्तर, मास्तरच्या जाकिटात माकड, आणि त्यांच्या मागून एक लोण्याची नदी संथ वाहत चाललेली. पूजेला बसलेल्या माणसाला असं दिसावं का, हा प्रश्न त्यांना पडायचा. पण ती नदी इतकी छान होती, आणि गावच्या सिंदफणेला यंदा पाणीच नव्हतं, त्यामुळे ते जरा वेळ काठावर बसून राहायचे.

"वैद्यानं मंतर दिलाय वाटतं," जगदेवीबाई शेजारणीला म्हणाल्या.

अर्ज टाइप करायला दोन दुपारी लागल्या. संपल्यावर ईश्वरीताईंनी वाचायला घेतला आणि कपाळावर हात मारला. प्रति होतं, विषय होता, संदर्भ होता, आणि सगळ्यात खाली: प्रत माहितीस्तव सविनय सादर, एक, मा. तहसीलदार, दोन, मा. गटशिक्षणाधिकारी.

"अप्पा! निनावी अर्जाच्या प्रती वाटता व्हय?"

"प्रत न्हाई तर अर्ज उघडा वाटतो गं."

"ऱ्हाऊ द्या उघडा." त्यांनी प्रती पुसल्या. मग बोट शेवटच्या ओळीवर आलं. "अन् हे? सबब अर्ज, तो गोड मानून घ्यावा. हे वाचलं तर शेंबडं पोर बी सांगंल कुनाचं हाय ते."

"त्याबगर अर्ज संपतच न्हाई," अप्पा कळवळून म्हणाले. पण ईश्वरीताईंनी तेही पुसलं आणि त्या चहा सांगायला बाहेर गेल्या. अप्पा पडद्याकडे बघत राहिले. अर्ज मध्येच कापल्यासारखा उभा होता. फिनलंडचा तो माणूस पाकिटाला हात लावणार, रोमानियाचा लावणार, आणि आत हे असं अर्धवट? वडिलांनी काय म्हटलं असतं? अप्पांनी दाराकडे पाहिलं, एका बोटाने ती ओळ पुन्हा लिहिली आणि पाठवलं.

ईश्वरीताई चहा घेऊन आल्या तोवर अर्ज सहा थांबे ओलांडून गेला होता.

दसऱ्याला आठ दिवस असताना बातमी छापून आली. विठ्ठलरावांनी ती चहाच्या हॉटेलात मोठ्याने वाचली. बीड जिल्ह्यातल्या एका हंगामी वसतिगृहात बेचाळीस मुलं कागदावरच जेवतात, वगैरे. गावाचं नाव नव्हतं, मंडळाचं नव्हतं, तक्रार कुणाची तेही नव्हतं. बातमीदाराने सगळी काळजी घेतली होती. फक्त एक वाक्य त्याला फार आवडलं असावं, कारण बातमीचा शेवट त्याने तक्रारदाराच्या शब्दांत केला होता. विठ्ठलरावांनी ते वाचलं: "सबब अर्ज, तो गोड मानून..."

"घ्यावा," अख्खं हॉटेल म्हणालं.

आणि रामप्रसाद आनंदाने ओरडला, "आरं, म्हंजी अप्पांना तसलं काय झालेलंच न्हाई बे!"

अप्पा त्या वेळी टेबलावर होते. त्यांना बातमी कळली ती बंकटरावांच्या सुपारीवरून. कातरण्याचा आवाज बंद झाला होता.

गावाचं नाव नसलं तरी ते वाक्य पंचायत समितीतही ओळखीचं होतं; दुसऱ्याच दिवशी शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी चौकशीला आले. ते बसले बंकटरावांच्याच ओट्यावर, कारण कचेरीसमोर सावली आणि खुर्ची एकाच जागी तिथेच होती. हां हां म्हणता माणसं जमली. मनकर्णा अंजूला घेऊन पायरीशी बसली. ईश्वरीताई दारात उभ्या राहिल्या, अप्पांकडे न बघता.

साहेबांनी फाइल उघडली. "पेपरात आलंय म्हणून मला यावं लागलं," ते म्हणाले. "पण नियम असा आहे, की निनावी तक्रारीवर कारवाई करता येत नाही. ती दप्तरी दाखल करायची. कुणी अर्जदार पुढं आला तर आज खोली उघडतो, यादी तपासतो. नाहीतर माझाही इलाज नाही."

सहा थांबे, छप्पन अक्षरं, सात शब्द आणि एक पुडी, हे सगळं नाव लपवण्यासाठी. आणि शेवटी सरकार विचारतंय काय, तर नाव. अप्पांना हसूही येईना.

"कागदाला बाप न्हाई साहेब," बंकटराव शांतपणे म्हणाले आणि अप्पांकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "अप्पा, गाव काय बी म्हनंल. तुमी एवढंच म्हना, मी न्हाई लिवलं. मंग आपन चा घेऊ. टेबल हाय तिथंच ऱ्हाईल."

अप्पांनी टेबलाकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात वडिलांच्या दौतीचा डाग होता. मग पायरीकडे पाहिलं. अंजूने दप्तर आणलं होतं. शाळेला सुट्टी होती, तरी आणलं होतं, आणि ते मांडीवर घट्ट धरून बसली होती. अप्पांना यादीतला सतरा नंबर दिसला, लाल रेघेवर, आपल्याच अक्षरात.

ते खुर्चीवर बसले. ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, खाली कार्बन घातला, चष्मा पुसला. वर 'अर्जदार' असं लिहून त्यांनी दोन टिंबं दिली आणि मान वर न करता, चौतीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "नाव सांगा."

अप्पांनी वर पाहिलं. टेबलासमोर कुणी बसलेलंच नव्हतं.

तेव्हा त्यांना कळलं, की हजारो अर्ज लिहिले, पण या दोन टिंबांपुढे आपलं नाव आपण एकदाही लिहिलेलं नाही. विहीर दुसऱ्याची, म्हैस दुसऱ्याची, अन्याय दुसऱ्याचा, सही दुसऱ्याची. निनावी व्हायला फिनलंडला जायची गरजच नव्हती, ते या ओट्यावर चौतीस वर्षं निनावीच बसले होते. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच अडलं. खरंच, त्यांना सुचेना.

पायरीवरून मनकर्णा म्हणाली, "लिवा की अप्पा. वैजिनाथ." मग जरा थांबून, "फुडं तुमच्या बापाचं नाव मला न्हाई म्हाईत."

लोक हसले. अप्पाही हसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी लिहिलं, वैजिनाथ केदारनाथ हालगे. तालुक्यातलं सगळ्यात सुंदर अक्षर त्या दिवशी पहिल्यांदा वाकडं आलं. खाली त्यांनी बाकीचं लिहिलं, आणि हेही लिहिलं, की बेचाळीस मुलांची यादी माझ्याच हस्ताक्षरातली आहे, मी ती न विचारता लिहिली, ही चूक माझी. शेवटची ओळ लिहिताना ते थांबले नाहीत. मग प्रत माहितीस्तव दोन ठिकाणी, आणि सही.

साहेबांनी कागद वाचला, घडी घालून फाइलला लावला आणि खोलीची किल्ली मागितली. बंकटरावांनी ती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचं टेबल ओट्याखाली, रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाशी मांडलेलं होतं. बंकटरावांनी ते फेकलं नव्हतं, नीट ठेवलं होतं, ताडपत्रीसुद्धा घडी करून वर. अप्पांनी ताडपत्री परत केली. कडुनिंबाची सावली दुपारी सरकते, तिच्यामागे टेबलही सरकवावं लागतं, तेवढाच व्यायाम. विठ्ठलरावांनी मात्र पुडीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि जगदेवीबाईंनी तो अजून सोडलेला नाही.

दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या. वसतिगृह आता शाळेनेच चालवायला घेतलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सटवा, लहाना आणि मनकर्णा. ट्रॉली कडुनिंबाशी थांबवून तिने वरूनच ओरडून सांगितलं, "अप्पा, बुधवारी अंडं देत्यात का बगा!" शाळेतून वसतिगृहाच्या हजेरीचा आवाज येत होता. सतरा नंबरला आतून एक बारीक 'हजर' आलं. मनकर्णाने ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. ट्रॉली गेली.

मग एका दुपारी, दोन ते चारच्या दरम्यान, ईश्वरीताईंनी हाक मारली. "अप्पा, तुमच्या उंटामाकडाला उत्तर आलंय का बघू."

अप्पांनी सात शब्द सांगितले. जांभळी रेघ सरकली. आज रस्ता नॉर्वेवरून होता. पेटीत मुंबईकरांचा निरोप होता: आपली माहिती मोलाची ठरली. निश्चिंत असा. आपली ओळख पूर्णपणे सुरक्षित आहे. आपण कोण आहात हे जगात कुणालाही कळलेलं नाही, आम्हालाही नाही.

अप्पांनी ते दोनदा वाचलं. बिचारे, त्यांना वाटलं. जगात आता एवढेच लोक उरलेत ज्यांना माहीत नाही.

ते खुर्चीत सरसावून बसले आणि एका बोटाने लिहायला लागले. ईश्वरीताई मागे उभ्या राहून बघत होत्या, पण या खेपेला त्यांनी एक अक्षरही पुसलं नाही.

प्रति, गुप्त पेटी, मुंबई. महोदय, काल बुधवार होता. अंजूचं अंडं अंजूने खाल्लं. सबब अर्ज, तो गोड मानून घ्यावा. आपला, वैजिनाथ केदारनाथ हालगे, अर्जनवीस, मुक्काम पोस्ट शिरूर कासार, कडुनिंबाखाली.